चाके थांबली, शब्द चालत राहिले
(नित्याच्या म्हणी, वाक्प्रचार आणि वाहनांची नावे यांचा अपरिचित इतिहास)

मानवाच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे एका अर्थाने चाकाचा इतिहास होय, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. परंतु चाकाचा हा इतिहास केवळ वस्तुसंग्रहालयांत किंवा ग्रंथांतच शोधावा लागतो असे नाही. तो मराठी माणसाच्या जिभेवर रोज वावरत असतो. सभेत अध्यक्ष ‘धुरा’ सांभाळतात, तरुणांना ‘चाकोरीबाहेर’ जाण्याचा उपदेश केला जातो, शासन एखाद्या योजनेला ‘हिरवा कंदील’ दाखविते आणि संप झाला की प्रवासी ‘वेठीस’ धरले जातात. हे शब्द उच्चारताना त्यांच्यामागे बैल, लाकूड, लोखंड, चिखल आणि रस्ता उभा आहे याची जाणीव सहसा कोणालाही होत नाही.

लोहा परिसराच्या दृष्टीने तर या विषयाला विशेष महत्त्व आहे. निजाम राजवटीत हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास नांदेडमार्गे सुरू झाला. दुसऱ्या बाजूने बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत येऊन पोहोचली. लोहा मात्र या दोन्ही स्थानकांच्या मधल्या पट्ट्यात राहिले. त्यामुळे कापडाचे गठ्ठे असोत, मीठ असो वा गूळ असो, स्थानकावर उतरलेला माल गावापर्यंत आणण्याचे काम दीर्घकाळ बैलगाडीनेच केले. येथील व्यापार, नातेसंबंध आणि यात्रा ही सर्व बैलगाडीच्या चाकांवर चालली. साहजिकच येथील बोलीही त्याच चाकांबरोबर घडत गेली.

चार हजार वर्षांची गाडी

गोदावरीच्या खोऱ्यात गाडी किती जुनी आहे याचा एक विलक्षण पुरावा १९७४ मध्ये उजेडात आला. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरा नदीकाठच्या दायमाबाद येथे ब्राँझच्या चार भरीव वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा व रेडा यांच्यासोबत दोन बैल जुंपलेला एक रथ आणि त्यावर उभा असलेला पुरुष अशी त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कलाकृती आहे. चारही वस्तूंचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक भरते. बहुतेक अभ्यासक त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील, म्हणजे सुमारे साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. प्रवरा ही गोदावरीचीच उपनदी. तेव्हा बैलांच्या मानेवरील जू आणि त्याला जोडलेली लांब दांडी यांचा या मातीशी असलेला संबंध किती प्राचीन आहे हे सहज ध्यानात यावे.

शब्दांचा पुरावा तर याहूनही बोलका आहे. संस्कृतातील ‘युग’ म्हणजे जू. त्याचेच इंग्रजी भावंड म्हणजे ‘योक’. संस्कृत ‘अक्ष’ म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. त्यालाच मराठीत आस म्हणतात आणि मोटारीच्या कारखान्यात ‘ॲक्सल’. ‘चक्र’, मराठीतील ‘चाक’, इंग्रजीतील ‘व्हील’ व ‘सायकल’ हे सर्व एकाच मुळाचे फाटे आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. ‘वह्’ म्हणजे वाहून नेणे या धातूपासून ‘वाहन’ आले आणि त्याच्याच नात्यातील लॅटिन धातूपासून ‘व्हेइकल’ आला. इतकेच काय, ‘विवाह’ या मंगल शब्दाच्या पोटातही हाच धातू आहे. वधूला वाहून नेणे हा त्याचा मूळ अर्थ. लग्नाच्या वरातीत आज बैलगाडीऐवजी मोटार आली, तरी शब्द जुन्याच गाडीत बसलेला आहे.

धुरा, धुरीण आणि धुरंधर

कोणत्याही संस्थेच्या स्मरणिकेत ‘समाजधुरीण’ हा शब्द आल्याशिवाय राहत नाही. हा बहुमानाचा शब्द मुळात कोणासाठी होता हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. ‘धुर्’ म्हणजे बैलाच्या खांद्यावर येणारा जुवाचा भाग, ओढण्याचा भार. तो भार वाहण्यास जो समर्थ तो ‘धुरीण’. तो भार जो धारण करतो तो ‘धुरंधर’. हे दोन्ही शब्द आरंभी चांगल्या बैलाला लावले जात. पाणिनीनेही आपल्या व्याकरणात धुरा वाहणाऱ्यासाठी ‘धुर्य’, ‘धौरेय’ अशा शब्दांची सिद्धी करणारी सूत्रे दिली आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या समाजात उत्तम बैलाची पारख हा विद्वानांच्याही परिचयाचा विषय होता, हे यावरून दिसते.

पुढे हा शब्द माणसाला लागू झाला आणि ‘पुढारी’ या अर्थाने रूढ झाला. परंतु मूळ चित्र विसरता कामा नये. गाडीत ऐसपैस बसलेल्या मालकाला कोणी धुरीण म्हटले नाही. ज्याच्या खांद्याला घट्टे पडले तो धुरीण. शिवाय जुवाला दोन बाजू असतात. एका बैलाने खांदा काढून घेतला की गाडी जागच्या जागी फिरते, पुढे सरकत नाही. सार्वजनिक संस्थेच्या कारभाराचे याहून समर्पक वर्णन क्वचितच आढळेल.

बैलाच्या साजातूनही मराठीने पुष्कळ शब्द उचलले. ‘महागाईला वेसण घालणे’ यातील वेसण म्हणजे बैलाच्या नाकातून ओवलेली दोरी. ‘कासरा सैल सोडणे’ यातील कासरा म्हणजे बैल आवरण्याचा दोर. ‘बैल गेला अन् झोपा केला’ ही म्हण तर बहुतेक जण चुकीच्या अर्थाने समजतात. बैल गेल्यावर मालक झोपी गेला असा तिचा अर्थ नाही. ‘झोपा’ म्हणजे गोठ्याला लावण्याचे काट्याकुट्यांचे किंवा झावळ्यांचे दार. बैल चोरीला गेल्यानंतर गोठ्याला दार बसविणाऱ्या माणसाची ती थट्टा आहे. तसे दार दृष्टीआड झाले आणि त्याचा शब्द झोपेत जमा झाला.

गाड्याबरोबर नळ्याची यात्रा

हीच गत ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ या म्हणीची झाली आहे. मोठ्यांच्या संगतीने लहानांचाही लाभ होतो, हा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. पण हा नळा कोण, असे विचारल्यास आजचा विद्यार्थी पाण्याच्या नळाकडे बोट दाखवील. लाकडी चाक लोखंडी आसावर फिरताना घर्षणाने तापते, कुरकुरते आणि झिजते. त्यासाठी दर मुक्कामी त्यात तेलकट काळे वंगण घालावे लागे. ते वंगण भरलेले बांबूचे नळकांडे गाडीच्या खाली टांगलेले असे. तोच हा नळा. धनी आणि त्याचे कुटुंब देवदर्शनाला निघाले की बिचाऱ्या नळ्यालाही, चिखल आणि धूळ खात का होईना, यात्रा घडे.

लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष महिन्यात भरते आणि घोडे, गाढवे, उंट, बैल यांच्या बाजारासाठी दूरदूरपर्यंत ती प्रसिद्ध आहे. मोटारी येण्यापूर्वी या यात्रेला लोक सहकुटुंब गाड्या जुंपून येत. त्या काळी ही म्हण समजावून सांगण्याची गरज कोणालाही पडली नसेल. गाडीखाली डोकावले की उत्तर मिळे. या म्हणीत एक सूक्ष्म खोच आहे, तीही लक्षात घ्यावी. नळा फुकट यात्रा करतो असे वरवर दिसते, परंतु नळ्यावाचून गाडी यात्रेला पोहोचत नाही. पंक्तीत न दिसणारे, व्यासपीठावर न बसणारे अनेक कार्यकर्ते प्रत्येक संस्थेत असतात. त्यांनी घातलेल्या वंगणावरच मोठ्यांची यात्रा सुखरूप होते.

चाकोरी, कोस आणि मैलाचा दगड

मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ होते आणि उन्हाळ्यात दगडासारखी कठीण होते. पावसात गेलेल्या गाड्यांच्या चाकांनी पडलेले दोन खोल चर पुढे वाळून पक्के होतात. तीच ‘चाकोरी’. तिच्यात गाडी एकदा उतरली की गाडीवान निश्चिंत होई, बैल आपोआप चालत. परंतु समोरून दुसरी गाडी आली तर बाहेर निघणे हे मोठे दिव्य असे. बैल झुकत, आस करकरत असे आणि प्रसंगी गाडी कलंडे. ‘चाकोरीबाहेर जाणे’ या वाक्प्रचारात जोखमीची जी छटा आहे, तिचा उगम येथे आहे. चाकोरी हा केवळ दोष नव्हे. हजार गाड्यांनी तयार केलेली ती वाट अंधाऱ्या रात्रीही मुक्कामाला नेत असे. पूर्वजांच्या रूढींकडे पाहतानाही हा दुहेरी अर्थ ध्यानी ठेवणे उचित ठरेल.

चाकोरीविषयी जगभर एक रंजक कथा सांगितली जाते. युरोपातील रेल्वेच्या रुळांमधील ४ फूट साडेआठ इंच हे अंतर रोमन रथांच्या चाकोरीवरून ठरले, अशी ती कथा आहे. ऐकायला गोड असली तरी तिला भक्कम आधार नाही. ते माप उत्तर इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींतील घोडागाड्यांच्या रुळांवरून आले. भारतातील मुख्य मार्गांसाठी तर ५ फूट ६ इंच हे निराळेच माप निवडण्यात आले. म्हणींचा उगम शोधताना गोड कथा आणि खरी कथा यांत भेद करणे आवश्यक आहे, हा धडा यातून मिळतो.

‘बारा कोसांवर भाषा बदलते’ ही म्हणही गाडीशीच निगडित आहे असे दिसते. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ यावरून आला आणि क्रोश म्हणजे हाक, आरोळी. जेथवर हाक ऐकू जाते तेथवरचे अंतर, अशी त्यामागची मूळ कल्पना. पुढे कोस म्हणजे सुमारे दोन मैल असा हिशेब रूढ झाला. त्या मापाने बारा कोस म्हणजे ३८ किलोमीटरच्या आसपास. भरलेली बैलगाडी तासाला तीन ते चार किलोमीटर चालते. म्हणजेच बारा कोस हा गाडीचा एका लांब दिवसाचा पल्ला झाला. नांदेड ते लोहा हे अंतरही सुमारे तेवढेच, थोडे कमीच. एका दिवसात गाडी जेथे पोहोचते तेथवर रोजचा संबंध, आणि संबंध संपला की बोलीचा सूर बदलला, असे हे साधे गणित आहे.

कोसामागून मैल आला. इंग्रजांनी आणलेला हा शब्द लॅटिन भाषेतील ‘हजार पावले’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. रोमन सैनिकांच्या पावलांचे ते माप. भारताने मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये केला आणि पुढे रस्त्यांवर किलोमीटर आले. तरीही संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत ‘मैलाचा दगड’च येतो, ‘किलोमीटरचा दगड’ कोणी लिहीत नाही.

‘कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा’ ही म्हण नदीकाठच्या लोकांची. सुताराने तयार केलेली नाव गाड्यावर घालून नदीपर्यंत न्यावी लागे आणि पूल नसलेल्या काळात तीच नाव गाड्याला पैलतीरी नेई. गोदावरी, मन्याड यांसारख्या नद्यांच्या प्रदेशात दिवस पालटतात हे सांगण्यासाठी याहून सोपा दाखला सापडणे कठीण.

वेठीस धरणे : ताम्रपटापासून संपापर्यंत

सर्व शब्दांच्या आठवणी सुखद नसतात. ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’ यावरून आला. विष्टि म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम. या शब्दाचा माग थेट वाकाटकांच्या ताम्रपटांपर्यंत जातो. वाकाटकांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गावाला कोणत्या गोष्टींपासून सूट आहे याची लांब यादी असते. सर्व प्रकारच्या विष्टीपासून सूट आणि पाळीपाळीने बैल पुरविण्यापासून सूट या बाबी त्यांत आढळतात. वाशिम येथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या, इसवी सनाच्या चौथ्या शतकातील ताम्रपटात ‘नंदिकट’ या विभागाचा उल्लेख आहे आणि विद्वान त्याची ओळख नांदेडशी पटवितात. म्हणजे या परिसरात राजाच्या माणसांसाठी फुकट गाडीबैल द्यावे लागण्याची आठवण किमान सोळाशे वर्षांची आहे.

निजामी अमदानीतही अंमलदारांच्या दौऱ्यासाठी वेठबिगार घेण्याची प्रथा होती. ऐन पेरणीत ज्याचे बैल धरून नेले गेले, त्यालाच ‘वेठीस धरणे’ म्हणजे काय ते कळले असेल. आज वाहतूक बंद पडली की ‘प्रवासी वेठीस’ असा मथळा येतो. पूर्वी सक्तीने चालावे लागे ती वेठ होती, आज सक्तीने थांबावे लागते तीही वेठच ठरली, असा या शब्दाचा प्रवास आहे.

जैन परंपरेतील चाक

चाकाच्या भाषेचा वारसा जैन समाजाच्या नित्य बोलण्यातही आहे. जमाना बिघडला असे म्हणण्याऐवजी घरातील वडीलधारी माणसे ‘पाचवा आरा चालू आहे’ असे म्हणतात. जैन कालगणनेत काळाला चक्र मानले आहे आणि त्याचे बारा भाग म्हणजे चाकाचे बारा आरे. तुंब्यापासून कडेपर्यंत गेलेल्या प्रत्येक लाकडी दांडीला गाडीवानही आराच म्हणतो. अवसर्पिणीचे सहा आणि उत्सर्पिणीचे सहा. चाकाची एक बाजू खाली येते तेव्हा दुसरी वर चढत असते, हे ज्याने गाडीमागे चालत पाहिले त्याला उतरता आणि चढता काळ समजण्यास वेगळ्या पंडिताची आवश्यकता नव्हती. सध्याचा दुषमा नावाचा पाचवा आरा एकवीस हजार वर्षांचा मानला जातो. तेव्हा ‘पाचवा आरा’ या उद्गारात केवळ हताशपणा नाही. चाक फिरते आहे, हा दिलासाही त्यात आहे.

बाविसावे तीर्थंकर अरिष्टनेमि यांच्या नावातही चाक आहे. ‘नेमि’ म्हणजे चाकाची बाहेरची कड, जमिनीचा आघात सोसणारा भाग. ज्याच्या चाकाच्या कडेला इजा होत नाही तो अरिष्टनेमि, असा या नावाचा अर्थ. गर्भकाळात मातेने रत्नमय नेमि स्वप्नात पाहिली म्हणून हे नाव ठेवले, अशी परंपरा आहे. विवाहासाठी निघालेल्या नेमिनाथांनी भोजनासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून रथ माघारी फिरविला आणि गिरनारची वाट धरली, ही कथा सर्वश्रुत आहे. ज्यांच्या नावात चाक आहे त्यांनीच करुणेपोटी रथ वळविला, हा योग मनोज्ञ आहे. शेजारच्या परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळचे नेमगिरी हे क्षेत्र त्यांच्याच नावाचे स्मरण देते.

आगगाडीची देणगी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली आणि मराठीत नव्या वाक्प्रचारांची भर पडू लागली. ‘गाडी रुळावर येणे’, ‘सांधा बदलणे’ हे त्यांपैकीच होत. ‘हिरवा कंदील दाखविणे’ याची कथा मात्र विशेष आहे. इंग्लंडमधील आरंभीच्या रेल्वेत हिरवा दिवा म्हणजे ‘जा’ नव्हे, तर ‘सावध’. लाल म्हणजे थांबा आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा, अशी पद्धत होती. परंतु लाल काच फुटली की आतला दिवा पांढरा दिसे आणि चालक निर्धास्तपणे गाडी पुढे नेई. हा धोका ध्यानात आल्यावर १८९० च्या दशकात तेथे पांढरा दिवा बाद करून हिरव्याला परवानगीचा मान देण्यात आला. आज कोणत्याही प्रस्तावाला हिरवा कंदील मिळतो, त्याच्या मुळाशी फुटलेल्या काचेचा धडा आहे.

मोटारीच्या अंगावर जुन्या गाडीची नावे

मोटार आली तेव्हा तिला स्वतःची भाषा नव्हती. घोडागाडीचीच नावे तिने अंगावर चढविली. ‘डॅशबोर्ड’ म्हणजे मुळात घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी. ‘डिक्की’ म्हणजे घोडागाडीवरचे नोकराचे किंवा गाडीवानाचे आसन. आरंभीच्या मोटारींत ते मागच्या बाजूला उघडणारे जादा आसन झाले आणि भारतात मागील सामानाच्या कप्प्यालाच ते नाव चिकटले. ‘टायर’ हा शब्द, बहुतेक कोशकारांच्या मते, पोशाख या अर्थाच्या ‘अटायर’ शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. टायर म्हणजे चाकाला नेसविलेले वस्त्र! कापडाचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या समाजाला ही व्युत्पत्ती निश्चितच आवडेल. आपल्याकडे लाकडी चाकाला लोहार ‘धाव’ चढवीत असे. लोखंडी कडे तापवून प्रसरण पावले की चाकावर बसवायचे आणि वर पाणी ओतायचे. आकसलेले लोखंड साऱ्या आऱ्यांना घट्ट आवळून धरी.

‘अश्वशक्ती’ हे इंजिनाचे मापही घोड्याचीच आठवण. जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपली वाफेची यंत्रे विकताना ग्राहकाला समजेल असा हिशेब मांडला. एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती, आजच्या मापात सुमारे ७४६ वॅट. गिऱ्हाइकाच्या परिचयाच्या मापात माल दाखवावा, हे व्यापाराचे सूत्र त्या शास्त्रज्ञालाही उमगले होते.

‘कोच’ हा शब्द हंगेरीतील कोच नावाच्या खेड्यावरून आला. पंधराव्या शतकात तेथील आरामशीर घोडागाड्या नावाजल्या आणि गावाचे नाव गाडीला मिळाले. पुढे रेल्वेच्या डब्याला तेच नाव लाभले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या पलीकडे ‘वाहून नेणाऱ्या’ शिक्षकाला गमतीने कोच म्हणावयास आरंभ केला. लातूर आणि नांदेड येथे ज्या ‘कोचिंग क्लास’साठी हजारो मुले येतात, त्या शब्दाचे मूळ असे एका दूरच्या खेड्यातील गाडीत आहे.

‘स्टेपनी’ची गोष्ट तर त्याहून नवलाची आहे. आरंभीच्या मोटारींना जादा चाक नसे. पंक्चर झाले की रस्त्यातच थांबून दुरुस्ती करावी लागे. १९०४ मध्ये वेल्स प्रांतातील लानेथ्ली गावच्या डेव्हिस बंधूंनी हवा भरलेल्या टायरसह एक जादा कडे तयार केले. ते निकामी चाकावर आवळून बसविता येई. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून त्याचे नाव स्टेपनी. इंग्लंडमध्ये हा शब्द मागे पडला, तो कारखाना इतिहासजमा झाला, पण लोह्याच्या नाक्यावरील पंक्चरवालाही आज जादा चाकाला स्टेपनीच म्हणतो. इंग्रजी ‘क्लीनर’चा ‘किन्नर’ आणि ‘टॉप’चा ‘टप’ करणाऱ्या मराठीने त्या अज्ञात रस्त्याचे नाव मात्र जसेच्या तसे जपले.

एस. टी., टेम्पो आणि रिक्षा

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर मार्गावर धावलेली बस ही महाराष्ट्रातील राज्य परिवहनाची पहिली बस मानली जाते आणि ते रास्तच आहे. परंतु मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानात सरकारी बससेवा सोळा वर्षे आधी, जून १९३२ मध्ये, निजामाच्या रेल्वेचा विभाग म्हणून सुरू झाली होती. २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी हा तिचा आरंभ. तेलंगण व आंध्र प्रदेशात सरकारी बसच्या क्रमांकात ‘झेड’ हे इंग्रजी अक्षर आढळते. ते निजाम उस्मान अली खान यांच्या मातोश्री जोहरा बेगम यांच्या नावाचे आद्याक्षर, असे सांगितले जाते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला. येथील ‘स्टेट ट्रान्सपोर्ट मराठवाडा’ १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली.

छोट्या मालवाहू गाडीला मराठीत सरसकट ‘टेम्पो’ म्हणतात. मुळात ते जर्मनीतील हॅम्बुर्ग परिसरातील एका कारखान्याच्या तीनचाकी वाहनाचे नाव. ते भारतात आणण्यासाठी १९५८ मध्ये ‘बजाज टेम्पो’ची स्थापना करणारे नवलमल कुंदनमल फिरोदिया हे अहमदनगरचे जैन कुटुंबातील स्वातंत्र्यसैनिक. २००५ मध्ये त्या कंपनीचे नाव ‘फोर्स मोटर्स’ झाले, तरी बाजारात ‘टेम्पो भरला का?’ हाच प्रश्न कायम आहे. तीनचाकी स्कूटरला प्रवासी रिक्षाचे रूप देण्याच्या खटपटीतही फिरोदिया अग्रभागी होते. ‘रिक्षा’ हा जपानी ‘जिनरिकिशा’चा तुकडा. जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे शक्ती, शा म्हणजे वाहन. माणसाने माणसाला ओढण्याची ती गाडी होती. बोलण्याच्या ओघात शब्दातील ‘जिन’ गळला आणि ऑटोरिक्षाने प्रत्यक्षातही त्या माणसाच्या खांद्यावरील दांडी उतरविली. अहिंसेच्या दृष्टीने पाहता हा बदल लहान नव्हे.

सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन केली. पुढे तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट मोटारी बाहेर पडल्या. ‘फियाट’ म्हणजे ‘तोरिनोचा इटालियन मोटार कारखाना’ या अर्थाच्या चार इटालियन शब्दांची आद्याक्षरे. हीच मोटार नंतर ‘पद्मिनी’ झाली आणि २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतून तिने निरोप घेतला.

उपसंहार

वस्तू जाते, शब्द राहतो, आणि पुढे शब्दाचा अर्थही हळूहळू विरतो, हा या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष आहे. नळा गेला म्हणून म्हण कोडे झाली, झोपा गेला म्हणून तिचा अर्थच फिरला. आज सत्तरी-ऐंशीच्या घरात असलेल्या पिढीने स्वतः गाडी जुंपली आहे. आस, आरा, तुंबा, धाव, जू, शिवळ ही नावे त्या पिढीच्या ओठांवर आहेत. नातवंडांना ती वेळीच सांगितली गेली तर म्हणींचा ठेवा अर्थासह पुढे जाईल. अन्यथा दहा-वीस वर्षांनी कोशात पाहूनही चित्र डोळ्यांपुढे उभे राहणार नाही. प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांकडून असे चार शब्द वहीत उतरवून घेणे, हे कमी खर्चाचे परंतु मोठ्या मोलाचे ज्ञानदान ठरेल.

सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या कोणत्याही संस्थेची गाडी पन्नास वर्षे चालली ती खांद्याला घट्टे पडलेल्या धुरीणांमुळे आणि गाडीखाली टांगलेल्या अनेक अनाम नळ्यांमुळे. पुढील पिढीच्या हाती कासरा देताना या दोन शब्दांचे मूळ अर्थही तिच्या स्वाधीन व्हावेत, म्हणजे मिळालेले पद हे आसन नसून जू आहे याचे विस्मरण तिला होणार नाही.